मीटरमावशीने पुसलेली रेघ

भुंकणारं कुत्रं चावत नाही, ही म्हण ज्याने केली त्याला कधी दारोदार फिरायची वेळ आली नसणार. मीटरमावशी असं म्हणायची, आणि तिला तो अधिकार होता. सव्वीस वर्षं ती घरोघर जाऊन पाण्याची मीटरं वाचत होती. पाणीखात्यात लागली तेव्हा नवरा जाऊन चार महिने झाले होते आणि मुलगा अजून बोट धरून चालत होता. शाळा चौथीपर्यंत. पण मीटर वाचायला आकडे आले की पुरतं. बाकीचं तिला कुत्र्यांनी शिकवलं.

पाण्याचं मीटर कुठे असतं, तर जिथे कुत्रं बसतं तिथे. दाराच्या कोपऱ्यात, जिन्याखाली, नळाच्या ओलीपाशी. कुत्र्यालाही नेमकी तीच गार जागा लागते. "बसायचा मान त्याचा, वाकायची पाळी माझी," मावशी म्हणायची. सव्वीस वर्षं वाकली, पण एकदाही दात लागला नाही. खात्यात नवीन कोणी आलं की साहेब आधी त्याला मावशीबरोबर आठवडाभर फिरायला पाठवायचे.

मावशी शिकवायची ते असं. भुंकणं म्हणजे गप्पा, गुरगुर म्हणजे कामाचं बोलणं. गुरगुर ऐकली की पाय जिथे असेल तिथेच राहू दे. पळायचं नाही, हात उगारायचा नाही, गोड हसायचं तर मुळीच नाही, कारण तुझं हसू त्याला दात दिसतं. डोळ्याला डोळा नको. वही पोटापुढे धरायची आणि पाठ न दाखवता आल्या पावली मागे यायचं. आणि मालक कुत्र्यावर ओरडायला लागला तर मालकाला गप्प करायचं, कुत्र्याला नाही.

"का?" म्हणून एखादा विचारायचा.

"अरे, तो सांगतोय तुला, आता पुढे नको म्हणून. सांगतोय हे त्याचे उपकार. सांगणं बंद केलं तर तुझं काय होईल, बघ विचार करून."

झोप आलेली नसताना कुत्र्याने जांभई दिली, उगाच ओठ चाटले, मान फिरवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवला, तर तीही गुरगुरच, फक्त आवाज नाही, हेही ती सांगायची. असे तीसएक जण तिने तयार केले असतील.

मीटर वाचणाऱ्यांची एक खूण असायची. चौकटीच्या बाहेरच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, खडूची रेघ. एक रेघ म्हणजे कुत्रं आहे पण साधं, ओळख करून घे. दोन रेघा म्हणजे गुरगुरतं, ते बांधल्याशिवाय उंबरा ओलांडू नकोस. खात्याच्या कुठल्याच कागदात ही रेघ नव्हती. साहेबांना ठाऊक होती, पण ठाऊक नसल्यासारखं ते करायचे. नियम एकच. ज्याची गल्ली त्याचा खडू. दुसऱ्याच्या गल्लीतली रेघ कोणी वाढवायची नाही की पुसायची नाही.

मावशीच्या गल्ल्यांत एक घड्याळवाला होता. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान. डोळ्याला भिंग लावून दिवसभर टेबलावर वाकलेला, आणि टेबलाखाली, मीटरच्या कोपऱ्यात, त्याचा भुऱ्या. मोठ्या डोक्याचा, लोंबत्या कानांचा कुत्रा. पाच-सहा वर्षं एका रेघेचा होता. मावशी झाकण उघडायला वाकली की तिच्या पदराचा वास घ्यायचा आणि परत झोपायचा. मग कधीतरी तो गुरगुरायला लागला. गिऱ्हाईक जवळ आलं की घशातून आवाज काढायचा. मावशीने खडू काढला आणि दुसरी रेघ ओढली. चांगला शहाणा कुत्रा सहाव्या वर्षी का गुरगुरतो, हे तिने विचारलं नाही. कोणीच विचारलं नाही.

घड्याळवाल्याची गिऱ्हाइकं दारातूनच परत जायला लागली. मग त्याने कुत्र्यांना वळण लावणारा एक माणूस आणला. त्या माणसाची रीत सोपी होती. गळ्यात साखळी, गुरगुरला की हिसका. परत गुरगुरला की परत हिसका, आधीपेक्षा जोरात. तीन महिन्यांत भुऱ्याचा आवाज बंद झाला. घड्याळवाली येईल त्याला कौतुकाने सांगायची, "आता बघा, गाय झालीय गाय."

इकडे मावशीचे नोकरीचे दिवस भरत आले होते. सून तिच्या जागी लागावी अशी तिची फार इच्छा. सून पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्यात होती, तो बंद पडला होता. मुलगा सामानाची गाडी चालवायचा आणि आठवड्यातले चार दिवस बाहेर असायचा. नात शाळेत जायला लागली होती. साहेबांनी शब्द दिला होता, परीक्षा पास झाली तर सुनेला घेऊ. पास झाली. अडचण दुसरीच होती.

सून भित्री नव्हती. अंधाराला भ्यायची नाही, पालीला भ्यायची नाही, सासूला तर नाहीच नाही. फक्त कुत्र्याला भ्यायची. लहानपणी शेजारच्या कुत्र्याने तिला भिंतीशी धरून ठेवलं होतं, तेव्हापासून.

"आई, दोन रेघांची घरं किती आहेत तुमच्या गल्ल्यांत?" तिने विचारलं.

"अकरा."

 सून हातातलं फडकं नुसतंच घडी करत राहिली, मग म्हणाली, "अकरा फार झाली हो. पाच-सहा असती तर केलं असतं मन घट्ट."

"बघू," मावशी म्हणाली.

आता रेघा काही वाटाघाटीने कमी होत नाहीत. पण शेवटच्या महिन्यात मावशी गल्ल्यांतून फिरली ती कमी करण्याच्याच डोळ्यांनी. एक कुत्रं म्हातारपणाने गेलं होतं, ती रेघ खरी गेली. एक बिऱ्हाड कुत्र्यासकट दुसरीकडे राहायला गेलं, तीही खरी. नऊ उरली. मग ती घड्याळवाल्याकडे आली.

"लावा की हात, मावशी," घड्याळवाली म्हणाली. "काही करत नाही."

मावशीने भुऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याने आवाज केला नाही. ओठ चाटले. मान पलीकडे फिरवली. मग एक मोठी जांभई दिली.

तीस जणांना शिकवलेली जांभई. मावशीने ती नीट पाहिली. पाहिली आणि मनात म्हणाली, लाजतोय गडी. माणसाला जे हवं असतं तेच त्याला वाचता येतं, आकडे असोत की कुत्रं. बाहेर येऊन तिने अंगठा जिभेला लावला आणि दुसरी रेघ पुसून टाकली.

घरी येऊन म्हणाली, "आठच राहिली गं." खरं म्हणजे घड्याळवाल्याचं धरून नऊ.

"आठ?" सुनेने बोटांवर मोजल्यासारखं केलं. "आठांना भिईन मी. पण जाईन."

"आणि एका रेघेची जी आहेत ना, त्यांच्याशी मैत्री कर. कानामागे खाजवायचं जरा. मग जन्मभर शेपूट हलवतात."

सून कामाला लागली. पहिला महिना कापतच गेला. दुसऱ्या महिन्यात ती कुत्र्यांच्या गोष्टी घरी येऊन सांगायला लागली, कोण कसा लोळतो, कोणाला वहीचाच राग आहे. नात हसून लोटपोट व्हायची. "आई, मला वाटलं नव्हतं मला जमेल," एकदा भांडी लावताना सून म्हणाली, आणि मावशीला सव्वीस वर्षांचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. आपण केलं ते बरंच केलं, असंही वाटलं.

तिसऱ्या महिन्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, सून घड्याळवाल्याच्या दारात उभी राहिली. खाली वाकून रेघ पाहिली. एक. आत गेली, "मीटर" म्हणाली, घड्याळवाल्याने मान न उचलता "या" म्हटलं. भुऱ्या कोपऱ्यात बसलेला होता. तो गुरगुरला नाही. सून त्याच्याशेजारी उकिडवी बसली आणि सासूने शिकवलं होतं तसा उजवा हात त्याच्या कानामागे नेला.

त्याने तो हात धरला आणि सोडला नाही. घड्याळवाल्याने खुर्ची घातली, घड्याळवालीने बादलीभर पाणी ओतलं, तेव्हा कुठे सुटला. एवढ्या वेळात त्याच्या तोंडून आवाज असा निघालाच नाही. घड्याळवाली नंतर सगळ्यांना तेच सांगत होती, अहो, आवाजच नाही.

दोन वेळा हात उघडून शिवला. डॉक्टर म्हणाले, मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, ही दोन आता मिटणार नाहीत. आतली दोरीच तुटली आहे.

घरात बोलणी सुरू झाली. मुलगा दौऱ्यावरून आला तो घाबरलेला, आणि घाबरलेला पुरुष आधी रागावतो. "मीटर वाचायला गेली होतीस ना? कुत्र्याला हात लावायची काय गरज होती? आईने सव्वीस वर्षं काढली, तिला एकदा तरी चावलं का?"

सुनेने सासूकडे पाहिलं. कान खाजव असं कोणी सांगितलं होतं ते तिला माहीत होतं. पण तिने सासूचं नाव घेतलं नाही.  मावशीने चहाचं पातेलं उचललं आणि आत नेलं. त्यात चहा नव्हता.

खात्यात अपघाताची वही असते. साहेबांनी मावशीला बोलावून घेतलं. "मावशी, तुमची जुनी गल्ली ती. त्या घराला रेघा किती हो?"

"एक," मावशी म्हणाली.

ते खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. साहेबांनी वहीत लिहिलं, कर्मचाऱ्याने कारण नसताना कुत्र्याला हात लावला. हलगर्जीपणा. म्हणजे ठपका सुनेवर, आणि तिची नोकरी अजून कच्ची. असा शेरा असला की हात बरा झाला तरी खातं परत घेईल याचा भरवसा नाही. मावशीला हे साहेबांच्या टेबलाशी उभं असतानाच कळत होतं. जीभ मात्र उचलली नाही. आज सांगू, उद्या सांगू, करता करता तीन आठवडे गेले.

त्या तीन आठवड्यांत तिने घर एकटीने ओढलं. नातीची वेणी घातली, सुनेच्या ताटात घास मोडून ठेवले, तिच्या झंपराची बटणं लावली. शेजारणी म्हणाल्या, अशी सासू शोधून मिळायची नाही. मावशी ते ऐकलं की दार लोटून घ्यायची.

एका दुपारी सून खिडकीशी बसली होती, पट्टीतला हात मांडीवर. म्हणाली, "आई, मी कुठे चुकले असेन हो?"

"म्हणजे?"

"मी उजव्या कानामागे हात नेला. तुम्ही कुठल्या कानामागे नेत होता? की मी समोर बसले म्हणून? बाजूला बसायला हवं होतं का? मी रोज आठवून बघते. काहीतरी केलंच असणार ना मी. उगाच कसं चावेल."

"तसं काही नसतं गं," मावशी म्हणाली.

"नाही, असणार. तुम्हाला इतकी वर्षं नाही चावलं. माझ्या अंगातच काहीतरी आहे, कुत्र्यांना ते कळतं."

हे तिने रडत सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ती अगदी शांतपणे सांगत होती, पत्ता सांगावा तसं. लहानपणीची भिंत परत तिच्या पाठीला लागली होती, आणि या खेपेला तिला तिथे धरून ठेवणारं कुत्रं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मावशी घड्याळवाल्याकडे गेली. कशाला जातो आहोत हे तिलाच धड ठाऊक नव्हतं. कुत्र्याकडे बघावं, त्याच्यावर राग काढावा, असं काहीतरी. कोपरा रिकामा होता. फरशी धुतलेली.

"नेलं त्याला," घड्याळवाली म्हणाली. "परवाच. चावल्यावर ठेवू देत नाहीत ना. यांनीच नेलं. आल्यापासून त्यांनी भिंग लावलेलं नाही डोळ्याला."

घड्याळवाला टेबलाशी बसला होता. पुढ्यात एक उघडं घड्याळ होतं आणि तो त्याच्याकडे बघत नव्हता.

"डॉक्टरने इंजेक्शन द्यायच्या आधी त्याचा कान वर केला," तो म्हणाला. "उजवा. मला म्हणाला, या इकडे, वास घ्या. आतपर्यंत पू होता, मावशी. म्हणाला, हे वर्ष-दीड वर्षाचं दुखणं आहे. हा गुरगुरत नव्हता का? मी म्हटलं, गुरगुरायचा. आम्ही ते बंद केलं."

 मग उघडं घड्याळ बाजूला सारून तो म्हणाला, "दुखणं तसंच ठेवलं आणि ओरडणं तेवढं काढून घेतलं. वर त्या माणसाला पेढे द्यावेत तसे आभार मानले."

"तुम्हाला कळलं नाही," मावशी म्हणाली.

"नाही कळलं. आम्ही घड्याळं दुरुस्त करणारे लोक. पण वाटतं, कळणारं कोणी वेळेवर आलं असतं तर."

त्याने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. त्याला काहीच माहीत नव्हतं. मावशी उठली. बाहेर चौकटीपाशी ती खाली बघायला थांबली नाही, सरळ घरी आली.

सून भाजी निवडत होती, डाव्या हाताने, एकेक पान. मावशी तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि एका दमात बोलली. त्या दाराला दोन रेघा होत्या. दुसरी मी पुसली. तू अकरा फार म्हणालीस म्हणून पुसली. त्याने जांभई दिली ती मी पाहिली होती. त्याचा कान सडलेला होता, कोणीही हात लावला असता तरी त्याने तेच केलं असतं. तुझ्या अंगात काही नाही. तू शिकवलं तसंच केलंस, आणि शिकवणारी मी.

सुनेचा हात भाजीवर थांबला.  मग बोलली ती अशा आवाजात की मावशीने आठ वर्षांत तो ऐकला नव्हता.

"तीन आठवडे."

"हो."

"मी तुम्हाला काल विचारलं. कुठला कान म्हणून विचारलं. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून म्हणालात, तसं काही नसतं."

"हो गं."

"'गं' नका म्हणू मला आत्ता." तिने ताटली बाजूला सरकवली. "तुम्ही भरवत होता मला. मी मनात म्हणत होते, माझ्यामुळे या वयात यांना केवढे कष्ट. मला लाज वाटायची जेवताना. आणि ते तुम्हाला दिसत होतं."

मावशीला पुष्कळ सांगायचं होतं. तुझ्या भल्यासाठीच, घरासाठीच, तू घाबरू नयेस म्हणून. सगळी वाक्यं तिच्या तोंडात तयार होती. तिने त्यातलं एकही बाहेर काढलं नाही. उठून गेली नाही, डोळ्याला पदर लावला नाही, सुनेच्या खांद्यावर हातही ठेवला नाही. सून बोलत राहिली, आवाज चढत गेला. सासूला कोणी बोलू नये असं बरंच बोलली, त्यातलं एक-दोन अगदी वर्मी लागणारं होतं. मावशीने ते सगळं पुरतं होऊ दिलं.

शेवटी सून दमली. "यांना सांगितलंत?"

"नाही. आधी तुला."

"माझ्यासमोर सांगा."

संध्याकाळी मुलगा घरी आला तेव्हा मावशीने त्याला जेवायच्या आधी सांगितलं. त्याने ऐकलं, कपाळ चोळलं, म्हणाला, "जाऊ दे आई. झालं ते झालं."

"जाऊ देऊ नका," सून म्हणाली. "मला काय म्हणाला होतात तुम्ही, ते आठवा आधी."

तो काहीतरी पुटपुटला आणि हात धुवायला गेला. नात दारात उभी राहून एकेकाचं तोंड बघत होती. त्या दिवशी घरात सगळे वेगवेगळे जेवले.

सकाळी सासू-सून पाणीखात्यात गेल्या.  सून दोन पावलं पुढे, मावशी मागे. साहेबांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, परत लावला. "मावशी, तुम्ही? माझा विश्वास बसत नाही. अहो, सुटलात ना आता नोकरीतून, कशाला हे मागे लावून घेताय? अशाने तुमच्या सव्वीस वर्षांवर शेरा येईल. शिवाय त्या रेघेचं लिहिलं की वर मलाच विचारतील, ही रेघ म्हणजे काय भानगड."

"येऊ दे," मावशी म्हणाली. "वही काढा."

"लिहिलेलं खोडता येत नाही."

"खाली जागा आहे ना?" सून म्हणाली. "खाली लिहितील त्या."

साहेबांनी वही पुढे सरकवली. मावशी खुर्चीच्या टोकावर बसली आणि लिहायला लागली. एकेक अक्षर काढत होती, मध्ये थांबत होती. बाकावर बसलेले मीटर वाचणारे, तिनेच शिकवलेले त्यातले काही, आपापल्या वह्यांत तोंड खुपसून बसले. सून तिच्या खांद्यामागे उभी राहून वाचत होती.

मावशीने लिहिलं, त्या दारावर दोन रेघा होत्या, त्यातली एक पुसलेली होती. आणि पेन खाली ठेवलं.

"कोणी पुसली ते लिहा," सून म्हणाली.

मावशीने पेन परत उचललं. लिहिलं. कुत्र्याचं लक्षण दिसलं होतं, तेही लिहिलं. खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं.

सुनेने ते दोनदा वाचलं. साहेब म्हणाले, साक्षीदाराची सही लागेल, मी करतो. तिने मान हलवली, वही आपल्याकडे ओढली, पट्टीतल्या हाताने ती जेमतेम दाबून धरली आणि डाव्या हाताने सही केली. अक्षरं एकमेकांवर चढली होती. मग ती मावशीकडे न बघता म्हणाली, "चला. पोरीची शाळा सुटेल."